आधी किल्ला, मग घर

रजियाचा राग कर्जतच्या बाजारपेठेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिच्या कटलरीच्या दुकानात कुणी बांगड्यांचा भाव एकदा पाडून मागितला तर ती हसायची. दुसऱ्यांदा मागितला तर बांगड्या खोक्यात परत ठेवून गिऱ्हाइकाला रस्ता दाखवायची. नवरा गेल्यावर एकटीनं दुकान चालवायचं आणि मुलगी वाढवायची, तर बाईच्या नाकाच्या शेंड्यावर थोडा राग असलेलाच बरा, असं तिचं म्हणणं. पण तो ओरडून मोकळा करायचा राग. त्या रविवारी सकाळी टॅक्सीवाल्या हरेशच्या गाडीत पुढच्या सीटवर ती जो राग घेऊन बसली होती, तो गिळायचा होता, आणि त्याची तिला सवय नव्हती.

मुलीचा, इल्माचा, निकाह पंधरवड्यावर आला होता. मुलगा खोपोलीचा, कारखान्यात कामाला, घरचे लोक सालस. हॉल ठरला, जेवण ठरलं, कपडे शिवायला गेले. राहिला होता तो फक्त वली. कोकणी मुसलमानांत वलीशिवाय मुलीचा निकाह होत नाही. वली म्हणजे मुलगी देणारा पुरुष. बाप, बाप नसेल तर आजा, मग भाऊ, मग चुलता. मामा कितीही जीव लावणारा असो, तो चालत नाही, आणि आई तर नाहीच नाही. मुलीला जन्म द्यायचा आईनं, ताप आला की उशाशी बसायचं आईनं, आणि द्यायची वेळ आली की शोधा एखादा पुरुष! हे रजिया कर्जतच्या काझीसाहेबांना तोंडावर बोलली होती. काझीसाहेब म्हातारे आणि शांत. ते एवढंच म्हणाले, "चुलता हाय ना पोरीला?"

चुलता होता. तेच तर दुखणं होतं.

तालिब हा रजियाच्या नवऱ्याचा, कमालचा, थोरला भाऊ. अलिबागच्या मोहल्ल्यात त्याचं मोठं घर, मच्छीमारांच्या होड्यांना बर्फ पुरवायचा धंदा, जमातीत वजन. कमालनं तरुणपणी अलिबाग सोडलं, कर्जतला येऊन टेंपो चालवायला लागला आणि तिथंच रजियाशी निकाह केला, तोही थोरल्या भावाला न विचारता. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. कमाल गेला तो ऐन जुलैच्या पावसात. इल्मा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तालिब मयतीला आला नाही. रस्ता बंद होता म्हणतात. अरे, रस्ता काय जन्मभर बंद राहतो? तिसऱ्या दिवसाला आला नाही, चाळिसाव्याला आला नाही, पुढं कधी ईदला पोरीसाठी कापडाचा तुकडा पाठवला नाही. आणि आता त्याच माणसाच्या दारात जाऊन म्हणायचं, भाईजान, आमच्या मुलीचे वली व्हा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

तालिबच्या बायकोचा नंबर मिळवून फोनवर तिनं विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "असल्या गोष्टी फोनवर नाय होत. रविवारी सकाळी दारात या, मग बोलू." आणि फोन ठेवून दिला.

"मग बोलू म्हने!" चौक गाव मागे पडलं, पेणच्या रस्त्याला गाडी लागली, तरी रजियाचं चालूच होतं. "सख्ख्या भावाची पोरगी हाय. यात बोलायचं काय? हो म्हन नायतर नाय म्हन!"

"अम्मी, तिथं असं बोलू नको हां," मागून इल्मा म्हणाली. इल्मा रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होती. स्वभावानं बापावर गेलेली, चार शब्दांचं काम दोन शब्दांत करणारी.

"तिथं बोलता येनार नाय म्हनून तर हितं बोलून घेतेय."

"बोलू दे गं तिला," इल्माच्या शेजारून ललिता म्हणाली. "पोटात ठेवलंन तर गाडीत वांती होईल."

ललिता डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली, ठाकर आदिवासी. रजियाच्या दुकानाच्या पायरीवर ती भाजी, करवंदं, कंद, जे शेतात आणि रानात मिळेल ते घेऊन बसायची. इल्मा लहान असताना दुकानात गर्दी झाली की रजिया पोरीला तिच्या मांडीवर टाकायची. असं करता करता पायरीवरची बाई घरातली झाली. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. रजिया अलिबागला निघाली हे कळल्यावर ती नवं लुगडं नेसून, कुणी बोलावलं नसताना, गाडीपाशी येऊन उभी राहिली. "मी तुमच्यात काय बोलनार नाय. मी आपली समिंदर बघीन," असं म्हणाली आणि आत चढून बसली.

कार्लेखिंड उतरल्यावर हरेशनं गाडीचा वेग कमी केला. तो अलिबागला पर्यटक घेऊन नेहमी यायचा.

"भाभी, एक सांगू का? आता ओहोटी हाय. पान्यातल्या किल्ल्यापातूर घोडागाडी जातेय. दुपारी पानी चढलं का मग होडीसाठी ताटकळत बसायचं. बघायचा असंल तर आत्ताच बघून घ्या."

इथंच सगळं चुकलं. समुद्रकाठच्या माणसाला ओहोटीचं काही वाटत नाही. आज गेली तर उद्या येईल. पण डोंगराकडच्या माणसाला ओहोटी म्हणजे फलाटावरून सुटायला आलेली गाडी. ललिता तर काच खाली करून मान बाहेर काढून बसली होती.

"आधी चाचांकडे जाऊ या," इल्मा म्हणाली. "ते वाट बघत असतील."

"बघू दे वाट. मी इतकी वर्सं बघितली, त्यांनी दोन तास बघितली तर काय दाढी गळून पडनार नाय."

नात्याच्या गावात शिरलं की पाय आधी नात्याच्या दारात पडला पाहिजे, मग दर्गा, मग बाजार, मग काय बघायचं ते बघा, हे रजियाला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या सासूनं नसलं तरी तिच्या आईनं ते तिला शिकवलं होतं. पण तालिबच्या दाराला ती मनातून नातं मानायलाच तयार नव्हती. शिवाय मान वाकवायची ती जितकी उशिरा वाकवता येईल तितकी बरी, असाही एक पळपुटा विचार होता. "घे रे किल्ल्याकडं," ती हरेशला म्हणाली.

घोडागाडी उथळ पाण्यातून हिसके देत निघाली. ललितानं एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं इल्माचा दंड आवळून धरला होता. किल्ल्यापाशी उतरल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं.

"आरं द्येवा! येवढं पानी, नि घोटभर प्यायला नाय?"

तिला खरोखरच राग आला होता. आत तट ओलांडून गेल्यावर गोड्या पाण्याचा तलाव दिसला तेव्हा तो आणखी वाढला. "समिंदराच्या मदी गोडं पानी काढलंन या लोकांनी! नि आमची वाडी धरनाच्या खाली असून चैतात टँकरची वाट बघतेय. कोन राजा होता रं हितला? त्याला आमच्याकडं धाडा." रजिया त्या दिवसात पहिल्यांदा हसली, ती पोट धरून हसली. तिघींनी तटावर बसून फोटो काढले. वारा, पाणी, ललिताचं उडणारं लुगडं. रजियाला स्टेटस ठेवायची भारी हौस. दुकानात नवा माल आला की स्टेटस, बिर्याणी जमली की स्टेटस. तिनं घोडागाडीचा फोटो ठेवला, तटावरचा ठेवला. मग किल्ल्यातल्या दर्ग्यात जाऊन तिनं डोकं झाकून दुआ मागितली आणि बरंच हलकं वाटून ती परत फिरली.

तालिबच्या घरी पोचल्या तेव्हा जोहरची, दुपारच्या नमाजाची, अजान होऊन गेली होती.

घराच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि खुर्च्यांवर चार वयस्क माणसं बसली होती. स्वच्छ सदरे, टोप्या, समोर चहाचे रिकामे कप. त्यांतले सगळ्यांत म्हातारे खतीबचाचा, मोहल्ल्यात ज्यांचा शब्द शेवटचा. दारात तालिबची बायको हाजरा उभी होती आणि तिच्या मागून शिजलेल्या मटणाचा, नारळाच्या दुधाचा वास येत होता. तालिब पायरीवर उभा होता. उंच, पाठीत किंचित वाकलेला. त्याच्या हातात हाजराचा फोन होता.

"किल्ला आवडला का?" त्यानं विचारलं.

रजियाला आधी कळलंच नाही. मग त्यानं फोन तिच्यासमोर धरला. त्यावर तिच्याच स्टेटसमधली घोडागाडी होती, घोडागाडीत ललिता होती, आणि मधोमध दात काढून हसणारी रजिया होती.

"सकाळपासून ही चार मोठी मानसं माझ्या दारात बसलीत," तालिब म्हणाला. "माझ्या भावाची बायको पयल्यांदा या दारात येतेय, पोरीसाठी बोलवायला येतेय, म्हनून मी बसवली. ही पोरगी कमालची हाय, या घरातली हाय, मी तिला देनार हाय, हे चौघांनी ऐकावं म्हनून. हाजरा पहाटेपासून चुलीशी हाय. खतीबचाचांना शुगर हाय, ते बिचारे चाय पिऊन बसलेत. नि तुमी घोड्याच्या गाडीतून फिरताय?"

रजियाची मान खाली गेली. या माणसानं नकार द्यायला बोलावलं असेल, टोमणे मारायला बोलावलं असेल, सगळं तिनं धरलं होतं. पण त्यानं चार माणसं बसवून मान द्यायचं ठरवलं असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. चूक तिची होती, आणि चूक झाली की ती कबूल करायला रजियाला कधी लाज वाटली नव्हती.

"चुकलं माझं, भाईजान," ती म्हणाली. "आधी दारात यायला पायजे होतं. चाचा, तुमी सगळ्यांनी मला माफ करा."

"झालं तर मग," खतीबचाचा म्हणाले. त्यांना भूक लागली होती. "लेक बोलली, तालिब. आता पान वाढ."

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. माणसाचा राग खरा असला तरी तो कुठं थांबवायचा हे कळावं लागतं. तालिबला ते कळत नव्हतं आणि रजियाला तर जन्मात कळलं नव्हतं. नात्यात दुसरं काही जुळलं नसेल, एवढं मात्र छान जुळलं होतं.

"माफी कसली, खोडच जुनी हाय," तालिब म्हणाला. "कमालला तरी आधी घर कुठं दिसलं? थोरल्या भावाचं दार सोडून तिकडं डोंगरात गेला. टेंपो हाकला. बाजारातल्या पोरीशी निकाह लावून मोकळा झाला, मला खबर नाय. आनि पोर पन तशीच वाढली, बाजारात, वाडीवरच्या लोकांत." त्याची नजर पायरीच्या कडेला टेकलेल्या ललितावर गेली. "हिला कशाला आनलीत? अशा कामाला घरचं मानूस आनतात. भाजीवालीला नाय."

ललिता लगेच उठली. "मी गाडीत बसते गं, इल्मा."

"बस खाली!" रजिया अशी ओरडली की चहाच्या कपांजवळच्या माशा उडाल्या. "कुटं जायचं नाय! हिला कशाला आनली ते ऐकायचंय तुमाला, तालिबभाई? ऐका. कमाल गेला तेवा कर्जतला घराघरांत पानी होतं. मोहल्ल्यातली मानसं आपापली घरं उपसत होती. कब्रस्तानात खड्डा खोदला का ढासळायचा, खोदला का पान्यानं भरायचा. मयत घरात, नि मी एवढीशी पोर घेऊन बसलेली. तेवा हिचा नवरा, दशरथ, वाडीवरून भावकी घेऊन उतरला. पावसात उभं राहून पानी उपसलं, कडेला दगड लावले, कबर खोदली. तुमच्या भावाची कबर ठाकरांनी खोदलीय! कारन त्याचा सख्खा भाऊ हितं बर्फ विकत बसला होता!"

ओट्यावरचे चौघंही खाली बघायला लागले. तालिबचा चेहरा पांढरा पडला.

"रस्ता बंद होता," तो म्हणाला.

"तिसऱ्या दिवशी उघडला!"

"नि मला कळवलं कोनी?" आता तोही ओरडला, आणि 'तुमी'चं 'तू' झालं. "तू कळवलंस? तुझ्या दुकानाशेजारचा कोन परका मानूस, त्यानं फोन केला मला! सख्ख्या भावाची मयत परक्याच्या तोंडून कळली मला, रजिया!"

"तारा पडल्या होत्या. फोन लागत नव्हते."

"तिसऱ्या दिवशी लागत होते ना?"

  रजियानं फोन केला नव्हता, कारण तो स्वतः येईल असं तिला वाटलं होतं. आणि तो आला नाही, कारण ती बोलावेल असं त्याला वाटलं होतं. इतकी वर्षं दोघांनी एकाच निखाऱ्यावर फुंकर घातली होती. पण हे त्या क्षणी शांतपणे कोण बघणार? इल्मा दोघांच्या मधे पाऊल टाकून "चाचा..." म्हणाली, पण तालिबला आता थांबायचं नव्हतं.

"निघा! चालते व्हा माझ्या दारातून! मी येनार नाय. वली म्हनून उभा राहनार नाय. काझीला बोलवा, नाय तर कुनाला बोलवायचं त्याला बोलवा. मला मेला समजा!"

आणि रजिया एकदम शांत झाली. कर्जतच्या बाजारात कुणी तिला तशी शांत पाहिली असती तर दुकानाची फळी लावून पळ काढला असता.

तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि खुर्च्यांकडं वळली. निघायच्या आधी ती काझीसाहेबांना आणखी एक गोष्ट विचारून आली होती. वलीनं काही कारण नसताना नाही म्हटलं तर? काझीसाहेब म्हणाले होते, मग हक्क काझीकडं येतो. मात्र नाही म्हटल्याचे साक्षीदार हवेत, नाही तर उद्या लोक म्हणतील बाईनं विचारलंच नव्हतं, आणि मग पोरीच्या बापाचं नावसुद्धा संशयात येतं.

"खतीबचाचा, ऐकलंत?" ती म्हणाली.

म्हातारबुवांनी डोळे मिटले. त्यांना पुढचं कळलं होतं. "ऐकलं, बेटा."

"तुमी तिघांनी?"

तिघांनी माना हलवल्या.

"मी दारात आले. चूक झाली ती चौघांसमोर कबूल केली. यांनी चौघांसमोर नाय म्हटलं. आता माझ्या पोरीचा वली काझी. उद्या खोपोलीत कुनी विचारलं, चुलता जिवंत असताना काझी कशाला, तर मी तुमची चौघांची नावं सांगनार. बरोबर हाय का नाय?"

"बरोबर हाय," खतीबचाचा म्हणाले. मग ते तालिबकडं वळले. "पन अजून वेळ गेलेली नाय, तालिब. रागात बोललो, एवढंच बोल. बस, एवढंच. आमी काय ऐकलंच नाय असं समजू."

सगळे तालिबकडं बघत राहिले. त्यानं मान वाढवण्यासाठी बसवलेली माणसं आता त्याच्याच नकाराचे साक्षीदार होऊन बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या ओठापर्यंत आलेलं रजियालासुद्धा दिसलं. पण तो वळला, आत गेला आणि त्यानं खोलीचं दार लावून घेतलं.

"जेवून तरी जा," हाजरा रडत म्हणाली. "सांदणं केलीत गं."

"तुमचं मन मोठं हाय, भाभी. पन या घरात घास उतरनार नाय," रजिया म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

बाजार मागे पडेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. कसं गाठलं! मोठा आला चार माणसं बसवणारा! त्याच्याच माणसांनी त्याची जिरवली! काझीसाहेबांना आता काय सांगायचं, हॉलवर पुरुषांकडं कोण बघेल, सगळं तिनं एका दमात ठरवलं. हरेश गुपचूप गाडी चालवत होता.  थोड्या वेळानं रजियाच्या लक्षात आलं की मागून हुंदक्यांचा आवाज येतोय.

"रडतेस कशाला?" ती मागं वळून म्हणाली. "सगळं झालं ना मनासारखं? वली मिळाला. कुनी बोट दाखवनार नाय. आता काय कमी हाय?"

"तू ऐकलं नायस, अम्मी?"

"काय?"

"त्यांचा आवाज." इल्मानं ओढणीनं तोंड पुसलं. "किल्ला आवडला का म्हनाले ना, तेव्हा मला वाटलं अब्बाच बोलले. अब्बांचा चेहरा फोटोत हाय. आवाज कुठंच नाय, अम्मी. तेव्हा आपल्याकडं साधा फोन होता. मी किती वर्षं आठवून बघतेय, येतच नाय. नि आज ते ओरडत होते, तुला शिव्या घालत होते, नि मी उभी राहून नुसती ऐकत होते. मला लाज वाटत होती, पन ऐकत होते." ती थांबली. "निकाहाला वली सगळ्यांसमोर म्हनतो ना, मी ही मुलगी दिली. ते मला त्या आवाजात ऐकायचं होतं."

 ललितानं इल्माचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

रजियानं ऐकलं नव्हतं असं नाही. पहिल्या शब्दालाच ऐकलं होतं. तोच खर्ज, वाक्याच्या शेवटी तसाच उतरणारा, आणि 'रजिया' म्हणताना तर हुबेहूब. तिचं डोकं त्यानंच तर फिरलं होतं. कमालचा आवाज, आणि त्या आवाजात कमालला नावं ठेवणं. आता तिला तालिबचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यांत जास्त कमालचा आला. मेला तो मेला, आणि जाताना आवाज भांडलेल्या भावाकडं ठेवून गेला! मरायचंच होतं तर आधी भांडण मिटवून मरायचं होतं. इतक्या वर्षांत ती त्याच्यासाठी रडली होती, पण त्याच्यावर अशी चिडली नव्हती.

"हरेश, गाडी वळव."

"परत? भाभी, आता परत भांडायला..."

"वळव म्हटलं ना!"

मोहल्ल्यात गाडी शिरली तेव्हा ओट्यावरची माणसं चपला घालत होती. गाडी बघून खतीबचाचा जागच्या जागी खाली बसले. रजिया दार आपटून उतरली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"तालिबभाई! बाहेर या!"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आतलं दार मात्र उघडायला वेळ लागला. तालिब बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि टोपी हातात होती.

"मी माफी मागायला आले नाय," रजिया म्हणाली. "ती मघाशी मागून झाली. नि तुमाला मी माफ केलं असं पन समजू नका, त्याला अजून लई वेळ हाय. तुमी आमच्याकडं येऊ नका, माझ्याशी जन्मात बोलू नका, मला काय पायजे नाय तुमच्याकडून. पन माझ्या पोरीला बापाचा आवाज आठवत नाय. तो तुमच्या गळ्यात हाय. त्या दिवशी यायचं, मुलगी दिली एवढं एक वाक्य बोलायचं, नि पायजे तर न जेवता परत जायचं. तो आवाज काय तुमच्या एकट्याचा नाय!"

तालिबनं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या मागं, गाडीच्या दारापाशी उभ्या असलेल्या इल्माकडं बघितलं. बघतच राहिला. ती आल्यापासून त्यानं पोरीकडं नीट पाहिलंच नव्हतं, चिडण्यातच सगळा वेळ गेला होता. 

"आता का गप्प?" रजिया ओरडली. तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "मघाशी सगळा मोहल्ला डोक्यावर घेतला होता ना? आता बोला!"

"काय बोलू?" तालिबनं कसंबसं विचारलं.

"काय पन बोला! जेवायला बोलवा तिला! सकाळपासून उपाशी हाय पोरगी!"

तालिबनं घसा साफ केला. टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"इल्मा," तो म्हणाला, "ये गं, जेवायला ये."

 इल्मा गाडीच्या दाराला धरून उभी होती. तिनं डोळे मिटले होते.

"परत एकदा म्हना, चाचा," ती म्हणाली.